बेस चुकलेला नाही

आमच्या सोसायटीच्या बेकिंग स्पर्धेत माझ्या फळांच्या टार्टला १० पैकी ३ गुण मिळाले. गुणांचं मला फारसं वाटलं नाही, शाळेत गणितात याहून वाईट दिवस पाहिले आहेत. पण सोबत एक चिठ्ठी होती. त्यात परीक्षक बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘टार्टचा बेस शॉर्टक्रस्टचाच हवा. यीस्ट वापरल्याने पाव झाला आहे. रसाळ फळाखाली असा बेस ओला होणारच. शास्त्रीय पद्धत शिकून घ्यावी.’ चार वाक्यं. निकाल सांगून झाल्यावर, चहाच्या वेळी त्यांनी तोंडी पाचवंही जोडलं, ‘लोण्यात काटकसर केलीत का हो ताई?’

बाई हॉटेलच्या पेस्ट्री विभागात काम केलेल्या. हात स्वच्छ, बोलणं गोड. त्यांच्याशी माझं वैर नाही. पण ती चिठ्ठी गेले तीन आठवडे फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली लटकते आहे आणि दूध काढताना रोज माझ्याशी बोलते आहे. तेव्हा एकदाचं उत्तर दिलेलं बरं.

मी जे ठेवलं होतं त्याचं नाव त्स्वेचगनडाची. दक्षिण जर्मनीत, बव्हेरियातल्या आउग्सबुर्ग शहरात मी सहा वर्षं राहिले, तिथे घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात उभी राहून ते शिकले. गोडसर यीस्टची कणीक ट्रेभर पातळ पसरायची, तिच्यावर त्स्वेचगे नावाचे लांबट, निळे-जांभळे आलुबुखार उभे चिरून, बी काढून, कौलं शाकारावीत तसे एकावर एक रेलून ओळीने लावायचे आणि भाजायचं. बस. क्रीम नाही, कस्टर्ड नाही, वर चकाकी आणणारं जेलीचं पाणी नाही. आउग्सबुर्गला या पदार्थावरून ‘डाचीबुर्ग’ असं टोपणनावच पडलं आहे. शहराच्या चिन्हात चिलगोज्याच्या जातीतल्या झाडाचं शंकूसारखं फळ आहे, त्याच्या खवल्यांसारखे हे आलुबुखार दिसतात म्हणून नाव जुळलं, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. डाची हा शब्द दाबणे, चेपणे अशा अर्थाच्या बोलीतल्या क्रियापदावरून आला, असं मानतात. फळ कणकेत दाबून बसवायचं, म्हणून डाची. हे नाव करण्याच्या कृतीवरून पडलेलं.

आता पहिलं वाक्य: टार्टचा बेस शॉर्टक्रस्टचाच हवा. हा ‘च’ कुठून आला?

लक्झेंबर्गमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरात बेकरीच्या काचेमागे हाच आलुबुखाराचा पदार्थ गोल साच्यात भाजलेला दिसतो. त्याचं तिथलं नाव क्वेचनटार्ट. नावातच टार्ट आहे, आणि खाली यीस्टची कणीक. नेदरलँड्स आणि बेल्जियम या दोन देशांत वाटल्या गेलेल्या लिंबुर्ग प्रांतात व्लाय करतात. चेरी, जर्दाळू, आलुबुखार असं काहीही भरलेलं हे चपटं गोल पक्वान्न, तेही यीस्टच्या कणकेवर. बेल्जियमच्या व्हर्व्हिए गावची प्रसिद्ध तांदळाची टार्ट म्हणजे यीस्टच्या कवचात भाजलेली आपली भाताची खीरच जवळजवळ. उत्तर फ्रान्समध्ये साखरेची टार्ट होते, तीही फुगवलेल्या कणकेवर, आणि तिला टार्टच म्हणतात, ज्या भाषेने जगाला हा शब्द दिला त्या भाषेत. म्हणजे आल्प्सच्या पायथ्यापासून उत्तर समुद्राच्या बाजूपर्यंत पसरलेल्या एवढ्या मोठ्या पट्ट्यातल्या आज्यांना टार्ट करता येत नव्हती, असा चिठ्ठीचा अर्थ निघतो. बाईंना तो अभिप्रेत नसावा. पण ‘च’ लिहिताना जरा जपून लिहावं.

मला वाटतं, गोंधळ दुकानांच्या पाट्यांतून आला आहे. जर्मनीत पाव भाजणारा बेकर आणि केक-पेस्ट्री करणारा कोंडिटर हे दोन स्वतंत्र व्यवसाय आहेत, दोघांची उमेदवारी वेगळी, परीक्षा वेगळी. फ्रान्समध्येही पेस्ट्रीवाल्याच्या हातचं आणि पाववाल्याच्या हातचं यांत अशीच रेघ आहे. हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर आणि पुढे तिथून आपल्या केटरिंग कॉलेजांत जे पोचलं ते पेस्ट्रीवाल्याचं. डाची पडला बेकरच्या बाजूला. ट्रेमधून चौकोन कापून कागदात गुंडाळून देण्याचा तो पदार्थ, चांदीच्या चिमट्याने उचलून देण्याचा नव्हे. त्यामुळे तो अभ्यासक्रमात आला नाही, आणि जे अभ्यासक्रमात नाही ते चुकीचं ठरलं. आपल्याकडे हलवायाच्या दुकानात घावन मिळत नाही म्हणून घावनाला कुणी बिघडलेली जिलबी म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

दुसरं वाक्य, पाव झाला आहे. यात मला खरं तर आक्षेप घ्यायचाच नाही. हो, पावाच्याच कुळातला आहे. मी नाकारते ते त्या वाक्यातलं नाक मुरडणं.

मराठी स्वयंपाकघराला दोन प्रकारची पिठं चांगली ठाऊक आहेत. एकात आपण मोहन घालतो. शंकरपाळ्याच्या, करंजीच्या पिठाला कडकडीत मोहन का? तुपाचा थर पिठाच्या कणाकणावर बसला की त्यातली प्रथिनं पाण्याशी हातमिळवणी करून चिवट धागे बनवू शकत नाहीत. धागे नाहीत म्हणून पदार्थ दाताखाली भुगा होतो, खुसखुशीत लागतो. शॉर्टक्रस्ट म्हणजे नेमकं हेच. दुसरं पीठ आपण आंबवतो, फुगू देतो. आंबोळी, इडली, ढोकळा. तिथे आपल्याला जाळी हवी असते. यीस्टची कणीक मळून, तिंबून आपण मुद्दाम ते चिवट धागे घडवतो, कारण यीस्टने सोडलेला वायू त्या धाग्यांच्या जाळ्यात अडकायला हवा. एकात धागे तोडायचे, दुसऱ्यात जोडायचे. ढोकळा चकलीसारखा कुरकुरत नाही म्हणून त्याला ३ गुण देणारी परीक्षक मिळाली, तर आपण सगळ्या मिळून तिच्या घरी जाऊ.

आता मुद्द्याचं वाक्य, तिसरं. ‘रसाळ फळाखाली असा बेस ओला होणारच.’ यावर मात्र मी बसून बोलणार आहे, कारण वस्तुस्थिती याच्या बरोबर उलट आहे आणि तीसुद्धा कुणालाही आपल्या ओव्हनसमोर बसून पाहता येईल अशी.

एका मोठ्या ट्रेसाठी साधारण ५०० ग्रॅम मैदा आणि दीड किलो आलुबुखार लागतात. या फळात शेकडा ८० हून जास्त पाणी असतं. म्हणजे अर्धा किलो पिठावर आपण जवळजवळ सव्वा लिटर पाणी, फळाच्या सालीत बांधून, ठेवतो आहोत. ओव्हनमध्ये १८०-१९० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं. साली फुटतात, रस सुटतो. थोडा वाफेने जातो, थोडा फळातच पेक्टिनमुळे दाट होतो, आणि उरलेला खाली उतरतो. तो उतरणारच, टार्ट कुठलीही असो. प्रश्न एवढाच की खाली त्याचं स्वागत कोण करतं.

खाली शॉर्टक्रस्ट असेल, तर तिच्यात चिवट धाग्यांचं जाळं नाही, आपणच ते होऊ दिलेलं नाही. तिचा डोलारा उभा आहे तो लोणी, साखर आणि भाजलेलं पीठ यांच्या एकमेकांना चिकटण्यावर. गरम आंबट रस आला की साखर विरघळते, पीठ ढासळतं आणि खाली तो करडा, चिखलासारखा थर तयार होतो, ज्याला बाईंच्या शास्त्रात ओला तळ म्हणतात. म्हणूनच शॉर्टक्रस्ट रिकामी, वर कागद अंथरून, कागदावर राजमा-छोले ओतून आधी भाजून घ्यावी लागते. काही जण त्यावर अंड्याचा पांढरा भाग फासतात, काही जण चॉकलेटचा लेप देतात. हा सगळा खटाटोप कशासाठी? तळ ओला होऊ नये म्हणून. ओला होण्याची भीती नसलेल्या वस्तूला कुणी एवढे रेनकोट घालत नाही.

यीस्टच्या कणकेला जाळी आहे. रस तिच्या वरच्या थरात शिरतो आणि तिथेच मुरतो. खालचा थर तोवर ट्रेच्या तापलेल्या पत्र्यावर भाजून घट्ट झालेला असतो. चौकोन कापून आडवा धरला की तीन पट्टे दिसतात: वर फळ, मध्ये जांभळट गुलाबी ओलसर पट्टा, खाली पिवळट कोरडी जाळी. तो मधला पट्टा हाच त्या पदार्थाचा जीव. घरमालकीण तर फळं बाजूला सारून आधी तोच खायची. गुलाबजामाने पाक प्यायला तर आपण त्याला ओला झाला म्हणत नाही, मुरला म्हणतो.

आणि फळ फारच रसाळ निघालं, तर कणकेवर मूठभर पावाचा चुरा किंवा रवा भुरभुरवायचा, मग फळं लावायची. आणखी एक गोष्ट, जी मला दोन ट्रे वाया घालवून कळली. साखर भाजण्याआधी फळांवर घालायची नाही. साखर पाणी ओढते. आपण मुरांब्याला साखर लावून ठेवतो तेव्हा सकाळी पातेल्यात पाक सुटलेला असतो, तेच इथे ओव्हनमध्ये होतं आणि ट्रेचं तळं होतं. डाचीवर साखर, हवी तर दालचिनी मिसळून, बाहेर काढल्यावर घालतात.

इथे शॉर्टक्रस्टची बाजू मांडणं हे माझं कर्तव्य आहे, कारण ती मी स्वतः आवडीने करते. कच्च्या स्ट्रॉबेरीची टार्ट करायची असेल, भाजलेलं कवच, त्यात कस्टर्ड, वर न शिजवलेलं फळ, तर शॉर्टक्रस्टला तोड नाही. तिथे फळ ओव्हनमध्ये जातच नाही, रस सुटत नाही, मऊ कस्टर्डखाली दाताला काहीतरी कुरकुरीत लागायला हवंच. महाबळेश्वरहून येताना आणलेल्या स्ट्रॉबेरी मी यीस्टच्या कणकेवर कधीच भाजणार नाही. पण फळ भाजायचं आणि ते पाणीदार आहे, एवढं ठरलं की बेस कुठला घ्यायचा हे बाईंच्या हातात राहत नाही, माझ्याही नाही.

लोण्याच्या काटकसरीचं तोंडी वाक्य. जर्मन घरांत शॉर्टक्रस्टचं एक सोपं सूत्र पाठ असतं, एक-दोन-तीन: एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. म्हणजे ५०० ग्रॅम मैद्याला ३३० ग्रॅमच्या आसपास लोणी. माझ्या कणकेत तेवढ्याच मैद्याला ८० ग्रॅम लोणी, ८० ग्रॅम साखर, एक अंडं, पाव लिटरला थोडं कमी कोमट दूध, चिमूटभर मीठ आणि किसलेली लिंबाची साल. लोणी चौपटीने कमी, हे खरंच. आणि हेही खरं की हा पदार्थ श्रीमंतांच्या घरी जन्मला नाही. ज्यांच्या परसात सप्टेंबरात झाड लगडून वाकायचं आणि फळ सडायच्या आत संपवायचं असायचं, त्यांचा हा पदार्थ. दीड किलो फळ एका ट्रेवर खपवायचं तर खालचा बेस पोट भरणारा पण जड न होणारा हवा. एवढ्या आंबट फळाखाली (भाजल्यावर त्स्वेचगे कच्च्यापेक्षा जास्तच आंबट लागतात, साल तर चांगलीच) चौपट लोण्याचा बेस ठेवला तर तीन घासांत मळमळतं. लोणी कमी आहे कारण वर साय फेटून घातली जाते, ज्याला हवी तेवढी. मी स्पर्धेत सायीची वाटी ठेवली होती. परीक्षकांच्या बशीत ती गेली नाही, हा माझा दोष नव्हे.

जर्मनीच्या पश्चिमेला, ऱ्हाइनच्या पलीकडच्या फाल्झ भागात तर याची आणखी एक गंमत आहे. तिथे आलुबुखाराचा हा यीस्टचा केक बटाट्याच्या सूपबरोबर जेवणात खातात. वाटीत मीठ-मिऱ्याचं गरम सूप, बशीत आंबटगोड केक, एक घास याचा आणि एक चमचा त्याचा. ऐकणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाचा चेहरा वाकडा होतो. माझा झाला नाही. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी भुरकणाऱ्या घरात मी वाढले आहे. गोडाशेजारी तिखट ठेवण्याचं शहाणपण आपल्याला कुणी शिकवायला नको. पण ही जोडी जमते ती केवळ खालची कणीक पावाच्या कुळातली आहे म्हणून. सूपबरोबर बिस्किटाच्या जातीचा गोड बेस खाऊन पाहा आणि मला कळवा.

चौथं वाक्य: शास्त्रीय पद्धत शिकून घ्यावी. शास्त्र म्हणाल, तर गोड यीस्टच्या कणकेत ते भरपूर आहे. साखर पाणी ओढते हे वर आलंच. ती यीस्टच्या पेशींतलंही पाणी ओढते. पिठाच्या साधारण दहा टक्क्यांच्या वर साखर गेली की यीस्ट मंदावायला लागतं, लोणी भर घालतं. म्हणून बव्हेरियन बायका आधी डाम्पफल करतात. परातीत मैद्याचं आळं करायचं, त्यात कोमट दुधात कालवलेलं यीस्ट आणि चमचाभर साखर ओतायची, कडेचा थोडा मैदा त्यात ओढून घ्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटं फडकं टाकून ठेवायचं. यीस्टला त्याच्या संकटाशी गाठ पडण्याआधी बळ येऊ द्यायचं. लोणी, अंडं, उरलेली साखर नंतर. दूध हाताला सुखद लागेल एवढंच कोमट. चटका बसण्याजोगं असेल तर यीस्ट जागच्या जागी मरतं. यीस्टचा उग्र वास येतो अशी तक्रार ज्यांची असते, त्यांनी बहुतेक वेळा घाईपोटी ते दुप्पट घातलेलं असतं. जर्मनीत ताज्या यीस्टचा ठोकळा ४२ ग्रॅमचा मिळतो, अर्धा किलो मैद्याला त्यातला अर्धा पुष्कळ होतो. आपल्याकडच्या कोरड्या यीस्टचे ७ ग्रॅम.

आणि जुनेपणाचाच प्रश्न असेल तर तेही पाहू. आज ज्या झटपट केकना आपण बेकिंग समजतो, ते बेकिंग पावडरवर उभे आहेत. जर्मन घरोघरी ती पोचवली आउगुस्ट ओटकर या औषधविक्रेत्याने. त्याने १८९१ मध्ये बीलेफेल्ड शहरातलं औषधांचं दुकान घेतलं आणि अर्धा किलो पिठाला पुरेल एवढी पावडर पुडीत बांधून विकायला सुरुवात केली. त्याच्या आधी बहुतेक घरांत केक फुगवायचा तर अंडी फेटत हात मोडून घ्या नाहीतर यीस्ट लावा. घरमालकिणीच्या आजीच्या आजीकडे निवड करायला तिसरी पुडी नव्हती. वेळखाऊ म्हणाल, तर शॉर्टक्रस्टही फ्रिजमध्ये तास-अर्धा तास निजवावीच लागते, मग रिकामी भाजायची, मग गार करायची. यीस्टची कणीक तोवर एकदा फुगून, ट्रेवर पसरून दुसऱ्यांदा वर यायला लागलेली असते. मेमध्ये पुण्यात तर अर्ध्या तासात परातीबाहेर डोकावते. आउग्सबुर्गच्या थंड स्वयंपाकघरात मी तिला रजईत गुंडाळून ठेवायचे, डिसेंबरात आई इडलीचं पीठ ठेवायची तसं.

दुसऱ्या दिवशी शिळं लागतं, हा आरोप चिठ्ठीत नव्हता पण इतरांनी केला. लागतं. त्याच दिवशी संपवायचा पदार्थ आहे तो. आउग्सबुर्गच्या अंगणात बसलं की तसंही संपवावंच लागतं, कारण सप्टेंबरात भाजलेल्या आलुबुखाराचा वास सुटला की गांधीलमाशा पंक्तीला येतात आणि उठायचं नाव घेत नाहीत.

त्स्वेचगे इथे मिळत नाहीत, मग हट्ट कशाला, असंही एकीने विचारलं. उलट इथेच हट्टाला जास्त कारण आहे. हिमाचलहून जून-जुलैत आपल्या बाजारात जे लाल गोल प्लम येतात त्यांतला मोठा हिस्सा सांता रोझा जातीचा. ही जात कॅलिफोर्नियात ल्यूथर बरबँकने काढली आणि १९०६ मध्ये बाजारात आणली, जपानी आलुबुखाराच्या कुळातली. त्स्वेचगेचा गर घट्ट आणि बी चटकन सुटणारी. सांता रोझाचा गर बीला चिकटून बसतो आणि चिरतानाच कोपरापर्यंत रस ओघळतो. म्हणजे आउग्सबुर्गपेक्षा पुण्याच्या ट्रेवर पाणी अधिक. माझ्या स्पर्धेच्या टार्टवर हेच फळ होतं, आणि खाली रव्याचा थर जरा जाडसर. या फळाखाली शॉर्टक्रस्ट भाजून दाखवावी, ट्रेचे आणि प्लमचे पैसे मी देईन.

आता एक कबुली. त्या दिवशी ट्रे ओव्हनमधून काढायला मी पाच मिनिटं घाई केली. स्पर्धेला उशीर होत होता, लिफ्ट बंद होती. कडेचे चौकोन उत्तम भाजले होते, पण मधल्या दोन चौकोनांखालची कणीक फिकट राहिली होती, बोटाने दाबली तर खळगा तसाच राहत होता. घरी आल्यावर मी ते पाहिलं आणि ओशाळले. त्यासाठी तीन नाही, चार गुण कापले असते तरी मी मुकाट सही केली असती. परीक्षकांच्या बशीत नेमका त्यातलाच एक चौकोन गेला होता. चिठ्ठीत त्याबद्दल अक्षरही नाही.